बंद पडलेला मॉड दुरुस्त करून वाटायचा असेल तर: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

पेन ड्राइव्हवरून आलेला स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेमचा मॉड (खेळाडूंनी गेममध्ये घातलेली भर) उघडला की आत बहुतेक वेळा नुसता एक फोल्डर सापडतो. मूळ लेखकाचं नाव नसतं, लायसन्सची फाइल नसते, कोणी काय बदललं याची एक ओळही नसते. झिपचं नाव मात्र ‘फायनल-चालू-२’. अशी झिप दारव्ह्याहून उमरखेडला आणि तिथून पुढे जाते. तिसऱ्या माणसाकडे गेम बंद पडला, तर विचारायचं कोणाला हे त्याला कळत नाही.

दुरुस्ती बहुतेकांना जमते. चुकतो तो क्रम. आधी दुरुस्त करायचं, मग वाटायचं आणि कोणी हटकलं तर परवानगी मागायची, हा क्रम उलटा आहे. खालचे टप्पे याच क्रमाने करा.

उदाहरणं स्टारड्यू व्हॅलीच्या संगणकावरच्या आवृत्तीची आणि स्मॅपी या मॉड चालवणाऱ्या प्रोग्रामची आहेत. फाइलींची आणि आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. संगणकावर ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

## १. मॉड खरंच सोडून दिलेला आहे का?

दोन वर्षं अपडेट नाही म्हणजे मॉड सोडला, असं होत नाही. काही मॉड पूर्ण झालेले असतात आणि गेमच्या नव्या आवृत्तीतही नीट चालतात. आधी या चार जागा बघा:

- स्मॅपीची कंपॅटिबिलिटी यादी. मॉड चालतो की तुटलाय, त्याची अनधिकृत दुरुस्ती आधीच कोणी केली आहे का, त्याऐवजी दुसरा कोणता मॉड वापरायचा, हे तिथे लिहिलेलं असतं.
- मॉड जिथून उतरवतात त्या पानावरचा बगचा (दोषांच्या तक्रारींचा) भाग. शेवटच्या पंधरा-वीस नोंदी वाचा. कितीदा तरी उपाय तिथेच पडलेला असतो.
- लेखकाचे बाकीचे मॉड. ते गेल्या काही महिन्यांत अपडेट झाले असतील, तर लेखक हजर आहे.
- गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरचा सोर्स (मॉडचा मूळ कोड). पानावर जुनी झिप असली तरी सोर्समध्ये दुरुस्ती होऊन पडलेली असू शकते.

तपासा: तुमच्याकडची प्रत मूळ पानावरची शेवटचीच आहे ना? पेन ड्राइव्हवरून आलेली प्रत दुरुस्तीला घेऊ नका. त्यात आधी कोणी हात घातला आहे, हे तुम्हाला माहीत नसतं.

## २. परवानगी

शेजाऱ्याचं वावर पडीक दिसलं म्हणून कोणी त्यात पराटी लावत नाही. सातबारा त्याच्याच नावावर असतो. मॉडचंही तसंच. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतींमध्येच धरले आहेत आणि लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो. लेखक उत्तर देत नाही म्हणून हक्क संपत नाही.

आधी लायसन्स शोधा. नेक्सस मॉड्स या मॉड वाटपाच्या संकेतस्थळावर प्रत्येक मॉडच्या पानावर परवानग्या आणि श्रेय यांचा एक भाग असतो, तो उघडून पूर्ण वाचा. बदल करणं, दुसरीकडे अपलोड करणं आणि चित्रं-आवाज वापरणं या तीन परवानग्या वेगवेगळ्या असतात. एक मिळाली म्हणजे तिन्ही मिळाल्या असं धरू नका.

सोर्स गिटहबवर असेल तर तिथली लायसन्स फाइल वाचा:

- एमआयटी: बदला, वाटा. मूळ कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर मात्र झिपमध्ये राहिलाच पाहिजे.
- जीपीएल: वाटता येतं, पण बदललेला सोर्सही त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. नुसती डीएलएल (कोडपासून बनलेली चालणारी फाइल) दिली तर अटीचा भंग होतो.
- क्रिएटिव्ह कॉमन्स, ‘एनडी’ लिहिलेलं: बदललेली प्रत वाटता येत नाही.
- लायसन्सच नाही: म्हणजे परवानगी नाही. सोर्स सगळ्यांना दिसतो एवढ्याने वाटण्याचा हक्क मिळत नाही.

लायसन्स मोकळं नसेल तर लेखकाला लिहा. साध्या इंग्रजीत चार वाक्यं पुरतात: तुमचा मॉड गेमच्या अमुक आवृत्तीत तुटला आहे, मी फक्त एवढंच दुरुस्त केलं आहे, तुमच्या नावासह अनधिकृत दुरुस्ती म्हणून ती वाटू का, तुम्ही परत आलात किंवा नको म्हणालात तर त्याच दिवशी काढून टाकेन. स्तुतीचा परिच्छेद नको, गळ घालणंही नको. संदेश नेमका कशाबद्दल आहे, हे पहिल्या ओळीत कळलं पाहिजे. तारखेसह स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि उत्तरासाठी किमान तीन-चार आठवडे थांबा.

लोक एक गोष्ट हमखास विसरतात. कोड एकाचा आणि चित्रं दुसऱ्याची असं अनेक मॉडमध्ये असतं. पात्रांचे चेहरे, संगीत, पिकांची चित्रं कोणाकडून घेतली, हे श्रेयाच्या यादीत सापडतं. कोडवाल्याने हो म्हटलं तरी चित्रांचं उत्तर त्याच्याकडे नसतं.

उत्तर आलंच नाही, तर मूळ मॉडची प्रत वाटू नका. तेव्हाही एक वाट उरते: दुरुस्ती वेगळ्या छोट्या मॉडमध्ये ठेवायची आणि मूळ मॉड लोकांनी मूळ पानावरूनच घ्यायचा. तुमच्या मॅनिफेस्टमध्ये (मॉडची ओळख सांगणाऱ्या फाइलीत) डिपेन्डन्सीज या जागी मूळ मॉडचा युनिक आयडी लिहिला की स्मॅपी आधी मूळ मॉड आणि नंतर तुमचा लोड करतं. मूळ मॉड कंटेंट पॅचरचा असेल (हा कोड न लिहिता गेमच्या फाइली बदलू देणारा मॉड), तर तुमच्या मॉडमधून चुकलेल्या नोंदी सुधारता येतात. सी-शार्प या भाषेतल्या कोडचा असेल तर चुकणारं फंक्शन हार्मनी या लायब्ररीने बाहेरून बदलता येतं. तुमच्या झिपमध्ये फक्त तुम्ही लिहिलेलं जातं. मूळ मॉड लोडच होत नसेल, तर मात्र ही वाट चालत नाही.

इशारा: लेखकाने ‘पुन्हा अपलोड करू नका’ असं स्पष्ट लिहिलं असेल, तर प्रत वाटण्याचा विषय तिथेच संपला.

## ३. कामाची जागा

सेव्ह फाइलींची प्रत काढल्याशिवाय काहीही सुरू करू नका. विंडोजच्या रन खिडकीत %ॲपडेटा% टाका, स्टारड्यू व्हॅलीच्या फोल्डरमधला सेव्हज फोल्डर उचला आणि पेन ड्राइव्हवर ठेवा. स्मॅपीसोबत येणारा सेव्ह बॅकअप शेवटच्या दहा प्रती आपोआप ठेवतो. पण चाचणीत तुम्ही गेम वीस-पंचवीस वेळा उघडणार, म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

चाचणीसाठी वेगळा मॉड्स फोल्डर करा. गेम सुरू करताना ‘मॉड्स-पाथ’ हा पर्याय दिला की स्मॅपी त्याच फोल्डरमधून मॉड उचलतं आणि तुमचे रोजचे तीस-चाळीस मॉड बाजूला राहतात. एखादा मॉड तात्पुरता बंद ठेवायचा असेल तर फोल्डरच्या नावाआधी टिंब द्या. स्मॅपी तो फोल्डर वाचत नाही. डिलीट करायची गरज नाही.

स्टीमवर ‘गेम उघडल्यावरच अपडेट’ हा पर्याय निवडा. दिवसाचा दीड जीबी डेटा आणि मोबाइलचं हॉटस्पॉट यावर काम करताना मधेच गेमचं अपडेट सुरू झालं, तर त्या दिवसाचं काम गेलं. सी-शार्पचा मॉड असेल तर डॉटनेट ६ चा एसडीके (कोडपासून डीएलएल बनवायची साधनं) आणि एखादा साधा कोड एडिटर पुरतो. पूर्ण व्हिज्युअल स्टुडिओ कित्येक जीबी खातं. पहिल्या बिल्डच्या वेळी, म्हणजे डीएलएल पहिल्यांदा बनवताना, मॉड बिल्ड कॉन्फिग हे पॅकेज इंटरनेटवरून येतं, म्हणून ती बिल्ड रेंज असलेल्या जागी करून घ्या.

आता लाइनचं. डेस्कटॉपला इन्व्हर्टर नसेल तर लाइन जायच्या वेळेला चाचणी धरू नका. स्टारड्यू व्हॅली दिवस संपून झोपताना सेव्ह करतं. नेमकी तेव्हा लाइन गेली तर सेव्ह बिघडू शकते आणि दोष मॉडवर जातो.

## ४. आधी लॉग वाचा, मग कोड उघडा

चाचणीच्या फोल्डरमध्ये स्मॅपीचे सोबतचे मॉड, दुरुस्तीचा मॉड आणि त्याला लागणारे मॉड एवढंच ठेवा. काहीही न बदलता गेम सुरू करा. स्मॅपीच्या काळ्या खिडकीत लाल ओळी चुकांच्या, पिवळ्या इशाऱ्यांच्या. संपूर्ण लॉग एरर-लॉग्ज फोल्डरमध्ये ‘स्मॅपी-लेटेस्ट’ या नावाने असतो.

इशारा: गेम पुन्हा उघडला की ही फाइल पुसून नवी लिहिली जाते. गेम आपटला किंवा लाइन गेली, तर पुन्हा सुरू करण्याआधी लॉगची प्रत काढा.

लॉगमध्ये पहिली लाल ओळ शोधा, शेवटची नव्हे. खालच्या पन्नास ओळी बहुतेकदा तिच्याच पोटी आलेल्या असतात. स्मॅपीने मॉड वगळला असेल तर कारणही तिथेच लिहिलेलं असतं: सोबतचा मॉड नाही, मॅनिफेस्ट चुकलंय, किंवा गेमच्या बदललेल्या कोडशी डीएलएल जुळत नाही. पहिली दोन कारणं असतील तर मॉड तुटलेलाच नाही. नीट बसवला की चालतो आणि तुमची दुरुस्ती वाटायची गरजच उरत नाही.

## ५. दुरुस्ती

एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलानंतर गेम उघडायचा आणि काय बदललं ते वहीत किंवा फाइलीत एका ओळीत लिहायचं. पुढे चेंजलॉग हाच.

मार्च २०२४ मध्ये आलेल्या १.६ आवृत्तीने सर्वांत जास्त जुने मॉड तोडले. वस्तूंची माहिती आधी ‘ऑब्जेक्ट इन्फर्मेशन’ या फाइलीत तिरप्या रेघांनी तोडलेल्या एका ओळीत असायची. पार्सनिप या गेममधल्या भाजीची जुनी नोंद अशी:

पार्सनिप/३५/१०/बेसिक -७५/पार्सनिप/वर्णन

म्हणजे नाव, किंमत, खाण्याजोगेपणा, प्रकार आणि वर्ग, दिसणारं नाव, वर्णन. आता फाइलीचं नाव नुसतं ‘ऑब्जेक्ट्स’ आहे आणि प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र रकाना आहे: प्राइस ३५, एडिबिलिटी १०, टाइप बेसिक, कॅटेगरी -७५. हाताने उतरवताना चूक होते ती चौथ्या भागात. ‘बेसिक -७५’ हा एकत्र तुकडा टाइपच्या रकान्यात तसाच चिकटवला जातो आणि कॅटेगरी रिकामी राहते. गेम आपटत नाही. फक्त ती वस्तू भाजी म्हणून धरली जात नाही. भाजीवर चालणाऱ्या यंत्रांत चालत नाही. तक्रार महिन्याने येते.

दुसरी चूक याहून घातक. कंटेंट पॅचरच्या कंटेंट फाइलीत वर ‘फॉरमॅट’ नावाचा आकडा असतो. तो २.०.० च्या आतला असेल, तर कंटेंट पॅचर जुन्या पद्धतीच्या बऱ्याच नोंदी चालता चालता नव्या पद्धतीत बदलून घेतं. लोक काय करतात, सगळ्यात आधी हा आकडा वाढवतात. आकडा वाढला की ती मदत बंद होते आणि अर्धवट चालणारा मॉड पूर्ण झोपतो. आधी सगळ्या नोंदी नव्या पद्धतीत आणा. फॉरमॅट शेवटी वाढवा.

तिसरी गोष्ट वस्तूंच्या आयडीची. १.६ पासून आयडी अक्षरी झाले आणि नव्या मॉडमध्ये आयडीआधी मॉडचं नाव लावण्याची चांगली पद्धत आली. ते बघून जुन्या मॉडचे आयडी बदलू नका. ज्याच्या पेटीत त्या मॉडच्या वस्तू आहेत, त्याला त्यांच्या जागी ‘एरर आयटम’ दिसेल.

काम करताना स्मॅपीच्या खिडकीत ‘पॅच समरी’ टाका. कुठला पॅच (बदल) लागला, कुठला नाही आणि का नाही, हे त्यात दिसतं. ‘पॅच एक्सपोर्ट’ने अंतिम फाइल बाहेर काढून तपासता येते. स्वल्पविराम-कंसाच्या चुकांसाठी स्मॅपीच्या संकेतस्थळावर जेसन (या फाइलींचा लेखनप्रकार) तपासनीस आहे.

दुरुस्ती म्हणजे फक्त दुरुस्ती. पिकाचा भाव जास्त वाटला, पात्राचा चेहरा आवडला नाही, संवाद कंटाळवाणे वाटले, तरी ते बदलू नका. बदल जितका छोटा, तितकी मूळ लेखक तो स्वीकारण्याची शक्यता मोठी. तुमची भर वेगळ्या मॉडमध्ये घाला.

मराठी भाषांतराचंही तसंच आणि ते अनेकांना करायचं असतं. मॉडचा मजकूर आय-एटीन-एन फोल्डरमधल्या डिफॉल्ट फाइलीत असतो. मराठी मजकूर तिथेच टाकला तर जगभरच्या सगळ्या वापरणाऱ्यांचं इंग्रजी जातं. शिवाय गेम एकेक अक्षर सुटं उमटवतो, त्यामुळे ‘क्ष’, ‘त्र’ अशी जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी जागेवर बसत नाहीत. भाषांतर हे स्वतंत्र काम आहे. दुरुस्तीच्या झिपमध्ये ते घालू नका.

इशारा: सोर्स नसलेली डीएलएल उलगडून कोड बघता येतो. दोष कुठे आहे हे समजायला ते ठीक आहे. तो कोड स्वतःचा म्हणून वाटणं ठीक नाही.

## ६. मॅनिफेस्ट: ओळख तीच, क्रमांक वेगळा

- युनिक आयडी बदलू नका. दुसरे मॉड आणि जुन्या सेव्ह त्याच नावाने हा मॉड शोधतात.
- ऑथर या जागी मूळ लेखकच राहील. तुमचं नाव आवृत्तीत आणि वर्णनात येतं.
- अपडेट कीज तशाच ठेवा. लेखकाने नवी आवृत्ती काढली की स्मॅपी त्यावरूनच लोकांना कळवतं.
- व्हर्जन: मूळ १.४.० असेल तर तुमची १.४.१-अनऑफिशियल.१-तुमचंनाव. दुसरी दुरुस्ती केली की अनऑफिशियल.२.

शेपूट लावलेला क्रमांक नुसत्या १.४.१ पेक्षा जुना धरला जातो. उद्या लेखकाने १.४.१ काढली की तुमची प्रत वापरणाऱ्यांना लगेच सूचना जाते. तुम्ही नुसतं १.५.० लिहून ठेवलंत, तर लेखकाच्या १.४.१ ची सूचना कोणालाही मिळत नाही. लेखक परत येऊनही त्याचा मॉड लोकांपर्यंत पोचत नाही, तो या एका ओळीमुळे.

## ७. चाचणी

‘माझ्याकडे उघडला’ म्हणजे चाचणी झाली नाही. किमान एवढं करा:

१. नवीन शेत सुरू करून तीन दिवस झोपा आणि प्रत्येक वेळी सेव्ह पूर्ण होते का बघा.
२. जुन्या मॉडसह खेळलेली सेव्ह उघडा. ती तुमच्याकडे नसेल तर कोणाकडून मागून घ्या. ही चाचणी टाळू नका. दुरुस्ती लागते ती बहुतेक जुन्याच खेळाडूंना.
३. ऋतू बदलून बघा. ऋतू २८ दिवसांचा असतो, पण स्मॅपीच्या खिडकीत ‘वर्ल्ड_सेटसीझन’ आणि ‘वर्ल्ड_सेटडे’ टाकून थेट पुढे जाता येतं. ऋतू बदलताना पिकांच्या आणि नकाशांच्या चुका उघड्या पडतात.
४. दोघांनी मिळून खेळा. यजमानाकडे ठीक आणि पाहुण्याकडे बंद, हे नेहमीचं आहे.
५. मॉड काढून सेव्ह उघडा. उघडत नसेल तर तसं वर्णनात ठळक लिहा.

मे महिन्यात अकोल्या-चंद्रपुरात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा लॅपटॉप तापून स्वतःच मंदावतो. खेळ अडखळला तर मॉडला नाव ठेवण्याआधी तीच चाचणी पहाटे पुन्हा करा, एकदा मॉडसह आणि एकदा मॉडशिवाय.

## ८. झिप बांधणं

झिप उघडल्यावर एक फोल्डर आणि त्यात मॅनिफेस्ट, एवढीच रचना. फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर नको.

आत काय हवं: दुरुस्त मॉड, मूळ लायसन्स, मूळ रीडमी आणि तुमची स्वतंत्र नोंद. त्या नोंदीत मूळ मॉडचं नाव, लेखक, मूळ पानाचा पत्ता, परवानगी कशी आणि कधी मिळाली, काय बदललं, गेमच्या आणि स्मॅपीच्या कोणत्या आवृत्तीवर तपासलं, हे लिहा. नोंद मराठीत आणि सोप्या इंग्रजीत, दोन्हीत.

आत काय नको: गेमच्या फाइली, स्मॅपी, सोबत लागणारे इतर मॉड आणि तुमची कॉन्फिग फाइल. कॉन्फिग पहिल्यांदा चालवल्यावर आपोआप तयार होते. तुमची गेली तर तुमच्या बटणांच्या निवडी लोकांच्या माथी बसतात.

तपासा: तयार झिप ज्या संगणकावर हा मॉड कधीच नव्हता, तिथे फक्त नोंद वाचून दुसऱ्या कोणाला तरी बसवायला सांगा. तुम्ही शेजारी उभं राहून सांगू नका. तो जिथे अडतो, तिथे नोंद अपुरी आहे.

## ९. वाटप

शीर्षकात मूळ नाव आणि त्यापुढे ‘अनधिकृत दुरुस्ती’. पहिल्या दोन ओळींत मूळ लेखक आणि मूळ पानाचा दुवा. दुसऱ्याच्या कामावर देणगीचं बटण किंवा जाहिरातींचे दुवे लावू नका.

बसवण्याच्या सूचनेत ‘आधी जुना फोल्डर पूर्ण काढा’ हे पहिलं वाक्य असू द्या. एकाच युनिक आयडीचे दोन फोल्डर दिसले की स्मॅपी दोन्ही वगळतं आणि लोक म्हणतात दुरुस्तीने मॉड बंद पाडला. जुन्यावर नवा कॉपी केला तरी नको असलेल्या जुन्या फाइली आत राहतात.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फाइल टाकू नका, पानाचा दुवा टाका. ग्रुपवर गेलेली फाइल तुम्हाला परत बोलावता येत नाही. तुम्ही पाचवी दुरुस्ती काढलीत तरी पहिली फिरतच राहते.

रेंज नसलेल्या गावात पेन ड्राइव्हशिवाय इलाज नसतो, हे खरं आहे. मग झिप जशीच्या तशी द्या, उलगडलेला फोल्डर देऊ नका. शॉर्टकट व्हायरस पेन ड्राइव्हवरूनच पसरतो. विंडोजच्या कमांड खिडकीत ‘सर्टयुटिल’च्या ‘हॅशफाइल’ पर्यायाने झिपचा एसएचए-२५६ आकडा (फाइलीचा ठसा) काढा आणि पानावर लिहून ठेवा. घेणाऱ्याने आपल्या प्रतीचा आकडा काढून पहिली आणि शेवटची आठ अक्षरं फोनवर ताडून पाहिली, तरी प्रत मधे बिघडली नाही एवढं कळतं.

## १०. वाटल्यानंतर

बगची तक्रार आली की आधी लॉग मागा. लॉगशिवाय अंदाजाने उत्तर देऊ नका. दोष फक्त तुमच्या प्रतीत आहे की मूळ मॉडमध्येही तोच होता, हे तपासून मगच नवी आवृत्ती काढा. मूळ सोर्स गिटहबवर असेल तर तीच दुरुस्ती पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घ्यायची विनंती) म्हणून पाठवून ठेवा. लेखक वर्षाने फिरकला तरी त्याला ती तयार सापडते.

लेखकाने काढून टाका म्हटलं तर वाद न घालता त्याच दिवशी काढा. त्याने स्वतःची नवी आवृत्ती काढली तर तुमच्या फाइली पानावरून उतरवा, पान मात्र ठेवा. त्यावर मूळ पानाचा दुवा द्या आणि अनधिकृत फोल्डर काढूनच नवा बसवा, असं लिहा. ज्यांना तुम्ही पेन ड्राइव्हवर प्रत दिली होती, त्यांना स्मॅपीची सूचना इंटरनेट असेल तरच दिसेल. त्यांची यादी वहीत ठेवा आणि फोन करून सांगा.